बाप्तिस्म्याची वही

आमच्या मंडळीच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत डावीकडून उजवीकडे रकाने आहेत: अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, बाप्तिस्म्याची तारीख, धर्ममातापिता, पाळकांची सही आणि शेरा. पापक्षमेचा रकाना नाही. ज्या गोष्टीसाठी हा सगळा विधी, तिची नोंद करायला जागाच ठेवलेली नाही. ही वही माझ्याकडे आली तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं. मी कारखान्यात स्टोअर क्लार्क होतो. माल आला, नोंद केली; माल गेला, नोंद केली. तसंच इथेही करत होतो.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला, अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकलेल्या घरातला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पोलादाच्या कारखान्यात लागलो आणि कळव्यात खोली घेतली. नगर, जालना, सोलापूरकडची आमची माणसं तेव्हा कळवा, विटावा, खारेगाव अशी पसरलेली होती. ज्याची पाळी नसेल तो रविवारी उपासनेला यायचा. मंडळीला स्वतःची इमारत नव्हती, एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला होता. माझं अक्षर बरं, म्हणून पंचांनी मला चिटणीस केलं आणि वर्गणीची पावतीपुस्तकं, इतिवृत्त, लग्नाची वही, बाप्तिस्म्याची वही असं सगळं गाठोडं माझ्याकडे आलं.

दगडी कुंडं असतात ती जुन्या चर्चमध्ये. ठाण्यात सेंट जेम्स चर्च आहे, बिशप हेबर यांनी 1825 साली प्रतिष्ठापना केलेलं. तलावपाळीला कॅथलिकांचं चर्च आहे, ते तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्याच नावाचं. आमच्याकडे स्टीलचं घंगाळ. रविवारी सकाळी नळाला पाणी येईलच याचा भरवसा नाही, म्हणून शनिवारी रात्री माझी बायको ते भरून वर पंचा झाकून ठेवायची. एकदा एक कुटुंब पवित्र भूमीची यात्रा करून आलं आणि यार्देन नदीच्या पाण्याची बाटली घेऊन आलं. नातवाचा बाप्तिस्मा याच पाण्यानं व्हावा अशी आजोबांची इच्छा. पाळकसाहेबांनी बाटली प्रेमानं घेतली, टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि बाप्तिस्मा दिला तो घंगाळातल्या महापालिकेच्या पाण्यानं. आजोबा थोडे नाराज झाले. मटण-भात पानात पडेपर्यंत विसरले.

विधी तसा लहानसा असतो. आईवडिलांना आणि धर्ममातापित्यांना प्रश्न, मंडळीला प्रश्न, पापाचा त्याग, विश्वासाची कबुली. मग त्रैक्य देवाचं नाव घेऊन तीन वेळा पाणी आणि कपाळावर क्रूसाची खूण. मूल रडतं, फोटो निघतात. मी वही पुढे करतो, पाळक सही करतात.

वहीसाठी लोक माझ्याकडे यायचे ते दाखल्यापुरते. शाळेचा प्रवेश, लग्न, पासपोर्ट, कधी नावातलं स्पेलिंग. विश्वासासाठी कुणी कधी ती वही उघडायला लावील असं मला वाटलं नव्हतं.

*

26 जुलै 2005 च्या पावसात आमची वही भिजली. मंडळीचं कपाट एका सभासदाच्या तळमजल्यावरच्या खोलीत होतं आणि त्या संध्याकाळी गटाराचं आणि खाडीचं पाणी एकमेकांत मिसळून घराघरांत शिरलं. दोन दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा खालच्या खणातल्या वह्यांचा लगदा झाला होता. बॉलपेननं लिहिलेल्या नोंदी वाचल्या. साठ आणि सत्तरच्या दशकातल्या नोंदी मात्र शाईच्या पेननं लिहिलेल्या, सुरेख वळणदार. त्यातल्या कितीतरी पानांवर निळे डाग तेवढे उरले होते.

पंचांची सभा झाली. काहींचं म्हणणं, ज्याला दाखला हवा असेल त्याच्यापुरतं प्रतिज्ञापत्र करून घेऊ. पाळकसाहेब म्हणाले, नाही, सगळी वही पुन्हा लिहायची. मग आमचं काम सुरू झालं. जुन्या लोकांकडे जायचं, विचारायचं. अमक्याचा बाप्तिस्मा तुम्हाला आठवतो का? कुठला सण होता? पाळक कोण होते? धर्ममाता कोण? म्हाताऱ्या बायकांच्या स्मरणशक्तीचा मला त्या वर्षी खरा अंदाज आला. तारीख त्यांना सांगता यायची नाही. पण झबलं कुठल्या रंगाचं, कुणी चांदीचा वाळा दिला, पाणी पडल्यावर मूल रडलं की हसलं, हे बिनचूक. दोन साक्षीदार मिळाले की मी नवीन वहीत नोंद करायचो आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचो, ‘मूळ नोंद पुरात पुसली. अमुक यांच्या तोंडी माहितीवरून.’

ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासात मला रस लागला तो याच सुमारास. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस नावाचा डोमिनिकन साधू त्या वेळी गुजरातच्या वाटेवर होता, म्हणून वाचला. त्यानं लिहिलेल्या पत्रात एक वाक्य असं येतं की ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान आपण पस्तीस जणांना बाप्तिस्मा दिला. पस्तीस. नावं नाहीत, गावं नाहीत. चिटणीस म्हणून मला त्याचा रागच आला. पण त्या पस्तीस जणांचं पुढं काय झालं हे कुणालाच ठाऊक नसलं, तरी त्यांच्या डोक्यावर पाणी पडलं हे झालेलं आहे. ते नाव न लिहिल्यानं पुसलं जात नाही. आमची वही पुन्हा लिहिताना हा विचार मला उपयोगी पडला, कारण काही नोंदी आम्हाला शेवटपर्यंत सापडल्या नाहीत आणि ती माणसं विचारत होती, ‘मग आमचं कसं?’

*

पुरानंतर काही वर्षांनी एक माणूस रात्री जेवणं उरकल्यावर आला. लेथवर काम करणारा, कळव्यातच जन्मलेला. त्याला मी लहानपणापासून बघत होतो. मधली बरीच वर्षं त्याची दारूत गेली. बायकोचे दागिने गेले, पोरीच्या फीचे पैसे गेले. आणि एकदा त्यानं आईवर हात टाकला होता. ही शेवटची गोष्ट त्याच्याशिवाय आणि आईशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, आणि आई वारली होती. दारू सुटून बरेच दिवस झाले होते. दर रविवारी यायचा, पापांगीकाराची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणायचा. पाळक क्षमेचं वचन वाचायला लागले की खाली बघायचा.

‘काका, ते सगळ्यांना लागू असेल. मला लागू आहे असं वाटतच नाही,’ तो म्हणाला. ‘मी मागतो. पण मिळालं असं आतून काही होत नाही.’

मी काय बोलणार? मी पाळक नाही. मग त्यानं विचारलं, ‘माझं नाव वहीत आहे का हो?’

मी वही काढली. त्याचं पान पुरात गेलेल्यांपैकी होतं. नवीन नोंद मी केलेली, आणि शेऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: मूळ नोंद पुसली, आईच्या तोंडी माहितीवरून. ती बाई माझ्यासमोर खुर्चीत बसून सांगत होती ते मला आठवलं. नाताळानंतरचा रविवार होता, पोरगं तापलेलं होतं, तरी नेलं. पाळक म्हणाले होते पुढच्या महिन्यात करू, तिनं ऐकलं नव्हतं. हे सगळं ती 2005 साली सांगत होती, म्हणजे मार खाल्ल्यानंतर. मुलाबद्दल एक वाकडा शब्द नाही. मी त्याला जसं आठवलं तसं सांगितलं. तो बराच वेळ शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून बसला.

दुसऱ्या दिवशी मी हे पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, त्याला आत काहीतरी वाटायला हवं होतं आणि ते वाटत नव्हतं. वाटणं हे येतं-जातं. ताप आला की वाटतं देव सोडून गेला, पगार झाला की वाटतं देव जवळ आहे. बाप्तिस्मा आपल्या वाटण्यावर उभा नाही. तो बाहेरून आपल्यावर केलेला असतो. त्याला तारीख आहे, जागा आहे, चार माणसांनी बघितलेलं आहे. मार्टिन लूथर खचला की स्वतःला हेच सांगायचा म्हणे, की माझा बाप्तिस्मा झालेला आहे. आपण चांगले आहोत किंवा आपला विश्वास पक्का आहे, यावर तो भिस्त ठेवत नसे. 1529 च्या त्याच्या लहान प्रश्नोत्तरीत बाप्तिस्म्याचा लाभ सांगताना पापांची क्षमा पहिली येते, आणि पुढे असंही येतं की आपल्यातला जुना माणूस रोजच्या पश्चात्तापानं रोज बुडवायचा असतो. पाणी एकदाच, बुडणं रोज.

त्या माणसाचं पुढं काय झालं ते सांगतो, कारण साक्षी देणारे लोक इथेच थांबतात. काही आठवड्यांनी तो बहिणीकडे डोंबिवलीला गेला. आईला शेवटी तिनं सांभाळलं होतं. आईवर हात टाकल्याचं त्यानं तिला सांगितलं. बहिणीनं त्याला घराबाहेर काढलं. वर्षभर ती बोलली नाही. मधे एकदा तो पुन्हा प्यायला. पण त्याच रविवारी उपासनेला आला, शेवटच्या बाकावर बसला आणि पापांगीकाराच्या वेळी त्याचा आवाज ऐकू आला. पूर्वी असं झालं की तो महिना-दोन महिने गायब असायचा.

सगळ्यांच्या बाबतीत असं होतं असं मी म्हणणार नाही. एका बाईंच्या मनातला घोर मी जवळून पाहिलाय. त्यांचं पान मी दाखवलं, पाळकांनी वचनं वाचली, काही उपयोग झाला नाही. त्यांना डॉक्टर आणि औषधं लागली. ती सुरू झाल्यावर त्या निवळल्या. त्यानंतर त्यांनी स्वतःहून माझ्याकडे वही मागितली नाही आणि मीही विषय काढला नाही.

*

क्षमा फुकट मिळते, या गोष्टीवर कारखान्यातल्या माणसाचा विश्वास बसणं अवघड असतं. माझाही सहज बसत नाही. त्याची परीक्षा एका पिग्मी एजंटच्या निमित्तानं झाली.

तो एका पतपेढीसाठी रोज संध्याकाळी कळवा नाक्यावर पिग्मीचे पैसे गोळा करायचा: भाजीवाल्या, इस्त्रीवाला, वडापावच्या गाड्या. काही जणांच्या पुस्तकात आकडा लिहायचा आणि पैसे पतपेढीत भरायचा नाही. उघडकीस आलं, नोकरी गेली, पण रक्कम नेमकी किती हे कधी ठरलंच नाही, कारण तो प्रत्येक आकड्यावर वाद घालायचा. त्याच्या घरची पद्धत प्रौढ बाप्तिस्म्याची, म्हणून लहानपणी त्याच्यावर पाणी पडलेलं नव्हतं. ‘उत्तर भारताची मंडळी’ (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला एकत्र झाली तेव्हा तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि कळत्या वयातच देणारे, दोन्ही एका छपराखाली आले. आमच्यातही दोन्ही चालतं. आता हा माणूस बाप्तिस्मा मागत होता.

पंचांचं म्हणणं स्पष्ट होतं: आधी पैसे परत कर, मग बाप्तिस्मा. माझाही कल तोच. स्टोअरमध्ये आधी माल मोजतात, मग पावती फाडतात. पाळकसाहेब ऐकेनात. ते म्हणाले, पश्चात्ताप आहे का एवढं मी बघेन. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्रानं लोकांना काय सांगितलं? पश्चात्ताप करा आणि पापांची क्षमा व्हावी म्हणून बाप्तिस्मा घ्या. आधी हप्ते फेडा असं सांगितलं नाही. आणि जकातदार जक्कयाचं काय, असं एका पंचांनी विचारलं. त्यानं तर चौपट परत केलं. पाळक म्हणाले, लूक नीट वाचा, तुझ्या घरी उतरायचं आहे असं येशू त्याला म्हणाला ते आधी. त्यानं पैशांची गोष्ट काढली ती नंतर.

सभा बरीच तापली. दोन पंचांनी त्या महिन्याची वर्गणी दिली नाही.

जानेवारीत आम्ही बदलापूरच्या पुढे उल्हास नदीवर गेलो. त्याला पूर्ण बुडी हवी होती. कळव्याच्या खाडीत ते शक्य नाही. तिथं माणूस आत जाईल त्यापेक्षा मळून बाहेर येईल. पेत्राच्या पत्रात म्हटलेलंच आहे की बाप्तिस्मा हा अंगाचा मळ धुण्यासाठी नसतो, पण म्हणून मुद्दाम गाळात उतरायचं कारण नाही. पाणी थंडगार होतं. पाळक छातीपर्यंत पाण्यात, तो शेजारी कुडकुडत. बुडी घेऊन वर आला, किनाऱ्यावर बायका गाऊ लागल्या. त्याची बायको गात नव्हती. तिनं टॉवेल पुढे केला आणि तोंड फिरवलं.

सोमवारी संध्याकाळी पाळकसाहेब त्याला घेऊन नाक्यावर गेले. मलाही बोलावलं, हिशेब मला कळतो म्हणून. पहिली भाजीवाली म्हणाली, ‘तुमच्या देवानं माफ केलं असंल. माझे पैसे तुमच्या देवाचे न्हवते.’ यावर पाळकांनाही उत्तर सुचलं नाही. आम्ही उभे राहिलो. ती गिऱ्हाईक करत राहिली.

मग त्यानं खिशातून कागद काढला. त्यावर नावं आणि आकडे होते. मी सवयीप्रमाणे बेरीज केली आणि चकित झालो: पतपेढीनं चौकशीत काढलेल्या रकमेपेक्षा ती बरीच जास्त होती. ज्यांना आपले पैसे गेले हेच ठाऊक नव्हतं अशांची नावं त्यात होती. हाच माणूस महिनाभरापूर्वी शंभर-दोनशे रुपयांसाठी माझ्याशी हुज्जत घालत होता.

माझी समजूत या कागदापाशी बदलली. क्षमा होईल की नाही याची धास्ती असेपर्यंत माणूस आपलं पाप लहान करून सांगतो. आकडा कमी करतो, दुसऱ्याला वाटेकरी करतो, परिस्थितीचं निमित्त सांगतो. क्षमा झालेली आहे हे एकदा बाहेरून पक्कं झालं की खरा आकडा लिहायची हिंमत येते. आधी बाप्तिस्मा म्हणण्यात पाळकसाहेबांचा हिशेब हा होता की काय, मला ठाऊक नाही. त्यांनी कधी तसं सांगितलं नाही. शेवटचे हप्ते फेडायला त्याला गावची वाट्याची जमीन काढावी लागली. भाजीवालीनं सगळे पैसे मोजून घेतले, पण पुन्हा त्याला भाजी विकली नाही. आणि आधी पैसे, मग बाप्तिस्मा या माझ्या मताला मी अजूनही निम्मा चिकटून आहे. सगळेच काही असा कागद काढत नाहीत.

*

बाप्तिस्मा लांबवणारेही बघितले. खारेगावातले एक वृद्ध गृहस्थ वर्षानुवर्षं उपासनेला यायचे, पण बाप्तिस्मा नको म्हणायचे. त्यांचा तर्क साधा होता: सगळी पापं एकदाच धुतली जाणार असतील तर शेवटी धुवावीत, मध्येच कशाला? ही युक्ती नवीन नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं 337 साली मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला, आणि त्या काळात असं करणारे पुष्कळ होते. हे गृहस्थ एकदा गंभीर आजारी पडले, पाळकांना बोलावणं गेलं, खाटेवरच बाप्तिस्मा झाला. नंतर ते खडखडीत बरे झाले आणि बरीच वर्षं जगले. ‘तुम्ही घाई केलीत,’ असं पाळकांना बोलून दाखवायचे. भांडणाच्या ऐन भरात जीभ चावायचे आणि म्हणायचे, आता सांभाळावं लागतं.

त्यांच्या शंकेत दम आहे. बाप्तिस्म्यानंतर केलेल्या पापाचं काय, हा प्रश्न पहिल्या शतकांतल्या मंडळीलाही छळत होता. उत्तर म्हणून दुसरा बाप्तिस्मा मात्र तिनं दिला नाही. दर रविवारी आम्ही जो विश्वासांगीकार म्हणतो, त्यात पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा मान्य केलेला आहे. आमच्याकडची काही तरुण मुलं दुसऱ्या एका फेलोशिपमध्ये गेली आणि तिथं त्यांनी पुन्हा बुडी घेतली. लहानपणीचं ते काही आम्हाला कळलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. त्यातली एक माझी पुतणी. तिनं बोलावलं म्हणून मी गेलो, काठावर उभा राहिलो, जेवलोही. तिचा आनंद खोटा नव्हता. पण दोन वर्षांनी तिला पुन्हा शंका आली, तेव्हाचं तरी मनापासून होतं का? तिला मी एवढंच म्हणालो की मनापासून होतं का हे तपासत बसलीस तर उल्हास नदी पुरायची नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मला या संदर्भात फार आठवते. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच दिवशी त्यांच्या मनोरमेचाही. आई संस्कृत शास्त्रं कोळून प्यालेली, प्रत्येक शब्दावर वाद घालणारी; मुलगी नुकती बोलू लागलेली. एकच पाणी, एकच नाव. आणि नंतर आपल्या साक्षीत रमाबाई मोकळेपणानं सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ज्यांना बाप्तिस्मा म्हणजे जादू वाटते त्यांनी हे वाचावं. ज्यांना त्यात काहीच नाही असं वाटतं त्यांनी दुसरी बाजू बघावी: त्या आठ वर्षांत रमाबाई दारात उभ्या होत्या, रस्त्यावर नव्हत्या.

बाप्तिस्मा देणारा कसा आहे यावरही लोकांचं मन डळमळतं. आमच्या लोकांना पूर्वी ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यातले एक पाळक पुढे पैशांच्या भानगडीत सापडले आणि पदावरून गेले. लगेच दोन कुटुंबं वही बघायला आली, आपल्या मुलांच्या नोंदीवरची सही त्यांची तर नाही ना? ऑगस्टीननं उत्तर आफ्रिकेत दोनातिस्त पंथाशी वाद घालताना याचा निकाल लावून ठेवला आहे: हात कुणाचाही असो, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात आमच्या एका नर्सताईनं अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रात्री, आईच्या सांगण्यावरून, बोटभर पाण्यानं बाप्तिस्मा दिला होता. बाळ जगलं. घरच्यांना मग हॉल घेऊन, केक कापून तो थाटात करायचा होता. पाळकसाहेब केकला आले, प्रार्थना केली, पाणी पुन्हा घातलं नाही. वहीत बाप्तिस्मा देणाऱ्याच्या जागी त्या नर्सताईचीच सही आहे.

*

वहीत ज्यांचं नाव नाही त्यांच्याबद्दल लिहायला हवं, कारण ते आमच्यात थोडे नाहीत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, नंतर शिखांना आणि बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्याला तो राहत नाही. दलित घरातला मुलगा बाप्तिस्मा घेतो तेव्हा शिष्यवृत्ती आणि नोकरी यांचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. म्हणून काही जण वर्षानुवर्षं उपासनेला येतात, प्रार्थना चालवतात, पण पाण्यापर्यंत येत नाहीत. त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांनी त्यांच्या घरचा पगार बघावा. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी स्वतः 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी घर, जात, बायको सगळं पणाला लावलं. त्याच टिळकांनी 1917 साली मिशन सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही तऱ्हेच्या ख्रिस्तशिष्यांसाठी.

मी पाळकांना एकदा सरळ विचारलं, यांची क्षमा होते की नाही? ते म्हणाले, वधस्तंभावरच्या चोराला कुणी पाणी दिलं? देव पाण्याला बांधलेला नाही. आपल्याला मात्र धरायला काहीतरी लागतं. त्या लोकांपैकी एकानं निवृत्त झाल्यावर बाप्तिस्मा घेतला. सरकारी कचेरीतला माणूस, आयुष्यभर फायली हाताळलेला. मी नोंद करत असताना तो शेजारी उभा राहून प्रत्येक रकाना वाचत होता आणि तारीख आकड्यांत नको, अक्षरी लिहा म्हणाला. मी आकड्यांत आणि अक्षरी, दोन्ही लिहिली.

आता वही माझ्याकडे नाही. डोळ्यांनी दगा दिल्यावर मी ती मंडळीतल्या एका मुलीकडे सोपवली. तिनं सगळी माहिती कॉम्प्युटरवर घेतली आहे आणि मूळ वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या खणात ठेवली आहे. अधूनमधून अडलं की विचारायला येते. मध्यंतरी असंच एक प्रकरण आलं. मंडळीतला एक तरुण, पुण्यात नोकरीला, त्यानं लेखी अर्ज केला: माझा देवावर विश्वास राहिलेला नाही, बाप्तिस्म्याच्या नोंदीतून माझं नाव काढून टाकावं. सभ्य अर्ज होता, शिवीगाळ नाही. पंच बुचकळ्यात पडले. कुणी म्हणालं लाल शाईनं काट मारा, कुणी म्हणालं शेऱ्यात लिहा. मुलाची आई सभेबाहेर जिन्यात बसली होती.

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, सभासद यादी आपली आहे, तीत नाव घालणं-काढणं आपल्या हातात आहे. ही वही फक्त काय झालं ते सांगते. त्या रविवारी ते झालं होतं. मी घंगाळाजवळ उभा होतो. पाळकसाहेबांनी त्याला तसं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, ‘ठीक आहे, राहू द्या.’ सभासद यादीतून त्याचं नाव कमी केलं. वर्षभराची वर्गणी त्याच्याकडे बाकी होती, ती पंचांनी माफ केली.